नवा डबा, जुन्या वायरी

चारशे तेरावं वाक्य होतं, "उद्या सकाळी खिडकी उघडी ठेव." आमच्या ह्यांनी "उद्या सकाळी" एवढंच म्हटलं, तोच टेबलाखाली फट् असा आवाज झाला आणि समोरचा पडदा काळा पडला. मागोमाग जळकट वास. मी शेजारच्या खोलीत शिलाई मशीनवर बसले होते. अर्धी टीप तशीच टाकून धावले, तर हे माइकसमोर तोंड उघडं ठेवून बसलेले, जणू उरलेले तीन शब्द अजून तोंडातच होते.

मंगळवार, संध्याकाळचे पाच. गुरुवारी सकाळी आठला ह्यांना हॉस्पिटलमध्ये दाखल व्हायचं होतं आणि शुक्रवारी गळ्यातलं स्वरयंत्र काढणार होते. थोडं नाही, सगळं. त्यानंतर हे जगणार होते, जेवणार होते, माझ्यावर डोळे वटारणार होते, फक्त बोलणार नव्हते. हॉस्पिटलमधल्या स्पीच थेरपीच्या बाईंनी एक सोय सांगितली होती. सहाशे वाक्यांची यादी आपल्या आवाजात कॉम्प्युटरवर वाचून ठेवायची. सगळी झाली की एकदम पाठवायची. मग त्यातून असा प्रोग्राम तयार होतो की पुढे माणसाने टाइप केलं की ते त्याच्या स्वतःच्या आवाजात ऐकू येतं.

चारशे बारा वाक्यं झाली होती. पहिली तीनशे म्हटली तीन आठवड्यांपूर्वी, तेव्हा आवाज खणखणीत होता. आता जाड कापड टराटरा फाडावं तसा झाला होता. म्हणजे ती वाक्यं गेली तर पुन्हा म्हणून भागणार नव्हतं. तो आवाज आता ह्यांच्याकडे राहिलाच नव्हता. तो फक्त त्या टेबलाखालच्या कॅबिनेटमध्ये, एका डिस्कवर होता.

"दुसरीकडे कॉपी काढून ठेवली असेल ना?" नणंदेने फोनवर विचारलं. ती तासाला एकदा फोन करते. "नाही ना काढली," मी म्हटलं, आणि स्वतःचाच असा राग आला की फोन जवळजवळ आपटलाच.

ह्यांनी मात्र घाई केली नाही. ह्यांची चाळीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वायरी जोडण्यात गेली. घर पेटलं तरी आधी कुठली वायर कुठे जाते ते बघतील. कॅबिनेट उघडलं, पॉवर सप्लायची, म्हणजे आत सगळीकडे वीज पुरवणाऱ्या डब्याची, जाड वायर मदरबोर्डातून उपटली आणि माझ्यापुढे हात केला. मी शिंपीण, हात पुढे आला की टाचण्यांची डबी देते. ह्यांनी मान हलवली आणि माझ्या केसांतला आकडा काढून घेतला. तो वाकवून हिरव्या वायरीचं भोक काळ्या वायरीच्या भोकाला जोडलं आणि भिंतीवरचं बटण दाबलं. पॉवर सप्लायचा पंखा फिरायला हवा होता. तो ढिम्म.

"मेला," हे म्हणाले. "बाकीचं ठीक असणार."

"असणार म्हणजे?"

ह्यांनी खांदे उडवले. डॉक्टरांनी बोलणं जपून वापरायला सांगितलं होतं, आणि हे मुळातच शब्द मोजून खर्च करणारे. घरातलं बोलण्याचं खातं पहिल्यापासून माझ्याकडे.

त्या रात्री मला झोप लागली असं मी म्हणणार नाही.

बुधवारी दुकान उघडायच्या आधी अर्धा तास आम्ही दारात उभे होतो. म्हणजे हे उभे होते, मी फेऱ्या मारत होते. हा एकच दिवस हातात होता. शटर वर गेलं तशी मी आत घुसले. दुकान कसलं, बोळच. दोन्ही भिंतींना खोकी, शेवटी एक टेबल, त्यावर पोटं उघडी पडलेली मशीनं. दुकानदारीण तिशीतली, केसात पेन्सिल खोचलेली.

ह्यांनी घरून चिठ्ठी लिहून आणली होती: "पॉवर सप्लाय. ४५० वॉट पुरे. बारा व्होल्टला तीस अँपिअरच्या वर. नेहमीचं माप."

तिने चिठ्ठी वाचून ह्यांच्याकडे जरा आदराने बघितलं, तरी काढलं काय, तर साडेआठशे वॉटचं खोकं. त्याला रंगीत दिवे होते. "हे घ्या काका, पुढची दहा वर्षं बघायला नको."

"आम्हाला आजचा दिवस बघायचाय," मी म्हटलं.

मग तिने तीन-चार साधी खोकी मांडली. ह्यांनी एकेक डबा बाहेर काढून दोन्ही तळहातांवर तोलला. पहिला उचलला आणि लगेच खाली ठेवला. "पोकळ," एवढंच म्हणाले. दुसऱ्याच्या अंगावरचा तक्ता चष्मा कपाळावर चढवून वाचला, बारा व्होल्टच्या रकान्यावर नख ठेवलं, नापास केलं. माझी चुळबुळ चालली होती. घड्याळात दहा वीस. दहा पंचवीस. अहो, लग्नाला मुलगी बघताना मला एवढं निरखलं नव्हतंत, असं ओठांवर आलं होतं. तेवढ्यात ह्यांचा चेहरा उजळला. चौथा डबा आमच्याच जुन्या डब्याच्या कंपनीचा निघाला. वजनदार, साडेचारशे वॉटचा, वायरी अंगात शिवलेल्या नव्हेत तर वेगळ्या, डब्याच्या पाठीला खोचायच्या. अगदी जुन्यासारखा.

"हाच," हे म्हणाले, आणि तिथेच खोकल्याची उबळ आली. मी पाठ चोळायला गेले तर हात झटकून बाहेर पायरीवर जाऊन बसले.

दुकानदारीण खोकं बांधता बांधता म्हणाली, "काकू, एक लक्षात ठेवा. ह्याच्यासोबतच्याच वायरी लावायच्या. जुन्या दिसायला सेम असतात, खोचल्या की बसतातही. पण आतला क्रम वेगळा असू शकतो. कंपनी एक असली तरी. परवाच एकाच्या दोन डिस्क जळाल्या."

माझं सगळं लक्ष दाराबाहेर, त्या खोकणाऱ्या पाठीकडे. "हो गं हो," मी म्हटलं. "वायरींचं तू त्यांना नको शिकवूस. त्यांनी अख्ख्या शहराचे फोन बांधलेत." मी खोकं उचललं आणि घरापर्यंतच्या वाटेत ते सगळं विसरले. विसरले असं साधं सांगते, त्याला दुसरं काही नाव देत नाही.

घरी आल्यावर ह्यांनी टेबलाखालून कॅबिनेट ओढलं, जमिनीवर जुनी चादर पसरली आणि ते आडवं पाडलं. मी शेजारच्या खोलीत गेले. मला एक सदरा संपवायचा होता. पुढून पूर्ण उघडणारा, गळ्याशी तीन बोटं सैल, कॉलर नाही. ऑपरेशननंतर गळ्याला भोक राहणार होतं आणि श्वास तिथूनच चालणार होता, त्यामुळे ह्यांचे सगळे शर्ट बाद. तीस वर्षं मी लोकांचे गळे मापले, पण असा गळा कधी बेतला नव्हता. दोनदा उसवला. मधे नणंदेचा फोन. "दादाला दे ना वहिनी, एकदाच. नुसतं 'हॅलो' म्हणू दे."

"त्यांचा एकेक शब्द आज लागणार आहे गं," मी म्हटलं. ती रडायला लागली. मला रडायला वेळ नव्हता.

आता त्या वायरींबद्दल सांगायला हवं. रिटायर झाल्यावर घरात बसून हे वेडे व्हायची वेळ आली होती, तेव्हा ह्यांनी हा कॉम्प्युटर स्वतः जोडला. आणि आतल्या वायरी एक्स्चेंजच्या पद्धतीने बांधल्या. प्लास्टिकच्या पट्ट्या नाहीत. मेण लावलेला दोरा, दर बोटभर अंतरावर एक गाठ, सगळ्या गाठी एका रेषेत. जाड वायर, बारीक वायर, डिस्कची वायर, सगळ्यांची मिळून एक सरळ जुडी कडेकडेने गेलेली, आणि जिथे जिला वळायचं तिथेच ती जुडीतून बाहेर पडलेली. सव्वीस गाठी. एक आठवडा लागला. घरी कुणी आलं की हे कॅबिनेटची बाजू उघडून दाखवायचे. लोकांना काही कळायचं नाही, पण मला कळायचं. माझ्याइतकी सरळ टीप घालणारं आणखी कोणी घरात आहे, याचं मला कौतुकही होतं आणि थोडा हेवाही.

अडीच वाजता सदरा मापून बघायला मी आत गेले. कॅबिनेट पुन्हा उभं झालेलं. नवा डबा वरच्या कोपऱ्यात चार स्क्रूंनी बसलेला आणि जुडी जशीच्या तशी, एकही गाठ हललेली नाही. "झालंच," हे म्हणाले. मी रिकामं खोकं पायाने सरकवायला गेले तर ते सरकेना. आत वजन होतं. वाकून बघितलं तर वायरींची पिशवी, तोंड अजून चिकटवलेलं.

त्या पिशवीकडे बघताना मला दुकानदारीण आठवली. पेन्सिलीसकट आठवली.

ह्यांचा हात भिंतीवरच्या बटणाकडे निघाला होता. मी सदरा टाकला आणि बटणावर पंजा मारला.

"थांबा! जुन्याच वायरी लावल्यात?"

ह्यांनी मान डोलावली. अभिमानाने.

"ती म्हणाली होती जुन्या लावायच्या नाहीत. डिस्क जळते."

ह्यांनी खिशातली पेन्सिल काढून खोक्यावर लिहिलं, "तीच कंपनी. तेच प्लग. बसले." आणि "बसले"खाली रेघ ओढली.

"बसले म्हणून काय झालं? एकाच दुकानातले, एकाच मापाचे दोन कोट घ्या. बटणं काजात जातात म्हणून ह्याची बाही त्याला लागेल का?"

ह्यांनी माझं मनगट धरून हात बाजूला करायला सुरुवात केली. हळू, पण ठामपणे, लहान मुलाच्या मुठीतून काहीतरी सोडवावं तसा. आणि तेव्हा मला ह्यांच्या डोळ्यांत दिसलं. ह्यांनाही शंका होती. पण नव्या वायरी घालायच्या तर ती जुडी सोडावी लागणार होती, आणि परवापासून आवाज नाही, गळा नाही, शर्ट नाहीत, मग निदान ही एक गोष्ट तरी जागच्या जागी राहू दे, असं काहीतरी ह्या माणसाने मनाशी धरलं होतं. मला ते कळलं. आणि कळलं म्हणून मी आणखी भडकले.

माझी कात्री गळ्यातल्या फितीला अडकवलेली होती. नऊ इंची. तिने मी कधी कागददेखील कापू दिलेला नाही, आमच्या घरात त्यावरून भांडणं झालेली आहेत. बटणावरचा हात न काढता मी खाली वाकले आणि पहिली गाठ कापली. कच्.

"हात लावू नकोस त्याला!"

तो आवाज. तीन आठवड्यांत मी तो ऐकला नव्हता. खरखरीत होता, पण पोटातून आलेला, अख्ख्या खोलीभर. शेजारच्या खोलीत माझी बॉबिन टेबलावरून खाली पडली असेल तर मला नवल वाटणार नाही. ओरडायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. मग हे खोकायला लागले, आणि मी कात्री धरून उभी.

खोकला थांबल्यावर ह्यांनी कपाटातून मीटर काढला. माझं म्हणणं पटलं म्हणून नव्हे, मला खोटं पाडायला. चेहऱ्यावरच दिसत होतं. वायरी डब्याच्या पाठीतून उपटल्या, स्क्रू काढले, नवा डबा चादरीवर ठेवला. पिशवी फाडून आतली नवी जाड वायर त्याला लावली आणि तिच्या दोन भोकांत माझा तो वाकडा आकडा बसवला. मग जुडीतल्या डिस्कच्या वायरीचं एक टोक डब्यात खोचलं. दुसरं टोक मोकळं, त्याला डिस्क नाही. मला खूण केली. मी बटण दाबलं. पंखा फिरला.

मीटरची काळी सुई एका भोकात, लाल दुसऱ्या भोकात. "इथे पाच यायला हवेत," हे पुटपुटले.

मीटरवर आलं बारा पूर्णांक एक.

ह्यांनी सुया काढून पुन्हा लावल्या. बारा पूर्णांक एक. जुनी वायर काढून पिशवीतली नवी लावली. पाच पूर्णांक शून्य. पुन्हा जुनी. बारा.

"जळली असती?" मी विचारलं.

ह्यांनी नुसती मान डोलावली. मीटर बंद केला, चष्मा काढून खाली पडलेल्या सदऱ्याला पुसला. सदरा नवीन होता, शिवून तासही झाला नव्हता. चारशे बारा वाक्यं. बटणावरचा माझा हात दोन सेकंद उशिरा पडला असता तर.

"मला तिने सकाळीच सांगितलं होतं," मी म्हटलं. "तुम्ही बाहेर खोकत होतात तेव्हा. मी तुम्हाला सांगितलंच नाही. वर तिलाच ऐकवलं, की त्यांना शिकवू नकोस म्हणून. आयुष्यभर नको तिथे बोलत राहिले आणि एकदा बोलायचं तेव्हा तोंड मिटून बसले."

ह्यांनी माझ्या हातातली कात्री घेतली, उलटी फिरवली आणि मूठ माझ्याकडे करून परत दिली.

"काप," म्हणाले.

उरलेल्या पंचवीस गाठी मी कापल्या. हे प्रत्येक गाठीशी वायर धरून ठेवत होते, म्हणजे पातं वायरीला लागू नये. मेणाने कात्री चिकट झाली. जुन्या वायरी एकेक करून निघाल्या, मेणाचा दोरा चादरीवर अळ्यांसारखा पडला, आणि नव्या वायरी लावल्या त्या कॅबिनेटच्या पोटातून बाहेर लोंबत राहिल्या. ह्यांचा हात दोऱ्याच्या रिळाकडे गेला.

"आधी चालू करा," मी ओरडले.

चालू झालं. पडद्यावर उजेड आला, यादी उघडली, आणि कोपऱ्यात आकडा दिसला: ४१२. मी तो दोनदा मोठ्याने वाचला. हे मात्र लगेच माइकसमोर सरकले, पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाले, "उद्या सकाळी खिडकी उघडी ठेव."

सव्वातीन ते साडेसहा. मशीनचा आवाज माइकमध्ये जाईल म्हणून मला शिवायला बंदी. मी दाराशी बसून सदऱ्याला हाताने काज घालत होते आणि पाय रिकामे हलत होते. एकशे अठ्ठ्याऐंशी वाक्यं. "पावती मिळेल का?" "मला डावीकडे वळायचं आहे." "आवाज जरा कमी करा." आपला माणूस आयुष्यात पुढे काय काय बोलेल हे परक्या कुणीतरी ठरवून दिलेलं, आणि हा माणूस ते इमानदारीत म्हणतोय. पाचशेच्या पुढे दर वाक्यामागे थांबावं लागत होतं. साडेपाचला नणंदेचा फोन आला, तो मी न उचलता तिला मेसेज केला, दार उघडंय, हवं तर ये आणि बाहेर बसून ऐक. ती आली. पायपुसण्यावर बसून तिने शेवटची साठ वाक्यं ऐकली आणि उठून गेली.

यादीच्या शेवटी दहा जागा रिकाम्या होत्या, स्वतःच्या मनाची वाक्यं म्हणायला. ही वाक्यं प्रोग्राम जोडत नाही, जशी म्हटली तशीच एकेका बटणावर ठेवतो. मी तीन आठवडे मागे लागले होते. मला नावाने हाक मारा, जेवलीस का म्हणा, सासरी गेलेल्या आपल्या मुलीसाठी काहीतरी म्हणा. हे हसून पुढे जायचे. त्या संध्याकाळी ह्यांनी मला बोटाने दाराबाहेर जायला सांगितलं आणि कडी लावली. मी दाराला कान लावला, पण तेवढ्यात बाहेर दाराशीच कुणाची तरी गाडी धडधडत सुरू झाली आणि आतलं काहीच ऐकू आलं नाही. दार उघडलं तेव्हा सगळं पाठवून झालं होतं.

त्या गोष्टीला आता दोन महिने झाले. ऑपरेशन नीट झालं. सदरा बरोबर बसला. प्रोग्रामही आला, ह्यांच्या मांडीवर पाटीएवढा टॅब असतो, त्यावर टाइप करतात आणि आवाज येतो. आवाज ह्यांचाच. "चहा जरा कमी गोड कर." "तुझ्या नणंदेला माझा निरोप दे." बरोबर असतो, स्वच्छ असतो, पण राग नाही, हसू नाही, सगळं एका पट्टीत. पहिले पंधरा दिवस तो ऐकला की मी काहीतरी निमित्त काढून आत जायची. ज्यासाठी एवढा आटापिटा केला तो हाच का, असं वाटायचं, आणि असं वाटतं म्हणून स्वतःची लाज वाटायची.

एका दुपारी मी केर काढत होते. कॅबिनेटची बाजू अजून उघडीच, वायरी तशाच लोंबत. हातांना तेव्हा औषधांमुळे मुंग्या यायच्या म्हणून ह्यांनी त्या बांधल्या नव्हत्या. मला तो पसारा बघवेना. फडकं खांद्यावर टाकलं, वाकले आणि वायरींचा झुबका आत कोंबायला हात घातला.

"हात लावू नकोस त्याला!"

पाठीमागून, पोटातून, खरखरीत, अख्ख्या खोलीभर. मी दचकून वळले. हे खुर्चीत बसलेले, बोट टॅबवर, ओठ घट्ट मिटलेले, डोळे मिचमिचे झालेले आणि हसू गालांवरून कानांपर्यंत गेलेलं. दहापैकी एकच बटण भरलेलं होतं. बाकीची नऊ रिकामी.

मी तिथेच जमिनीवर बसले आणि हमसून हमसून रडले. मग हसले. मग म्हटलं, "पुन्हा म्हणा." ह्यांनी पुन्हा दाबलं.

ह्यांच्या हातांच्या मुंग्या आता गेल्यात. मेणाच्या दोऱ्याचं नवं रीळ आणून ठेवलंय, पण वायरी बांधायचं नाव काढत नाहीत, आणि मीही आठवण करून देत नाही. दिवसातून तीन-चार वेळा फडकं घेऊन त्या कॅबिनेटपाशी जाते आणि वायरींकडे हात नेते.